अहिंसा स्वभावातच असावी लागते का?

तुम्ही विचारलंय की, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत पोरांनी मार खाल्ला पण हात उचलला नाही, हे त्यांना जमलं कसं? तुम्हाला नुसता धक्का लागला तरी डोकं फिरतं, मग अहिंसा मुळात स्वभावातच असावी लागते का?

नाही, असावी लागत नाही. ती शिकता येते. अमेरिकेत ज्यांनी ती रीतसर वर्ग घेऊन शिकवली, ते आमच्या नागपुरात तीन वर्षं राहून गेले. रेव्हरंड जेम्स लॉसन. या चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग सगळ्यांना माहीत आहेत, लॉसन मात्र नागपुरातही फारसे कुणाला ठाऊक नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्वभावाचंच बघा. लहानपणी ओहायोतल्या मॅसिलन गावात, गाडीत बसलेल्या एका गोऱ्या पोराने त्यांना वर्णावरून शिवी हासडली. जेम्सने जाऊन त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. घरी येऊन आईला सांगितलं. ती स्वयंपाक करत होती. मागे वळूनही न बघता तिने विचारलं, यातून काय साधलं, जिमी? हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरला. पुढे कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिला म्हणून वर्षाहून जास्त काळ तुरुंगात काढला. सुटल्यावर १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले आणि तिथे पोरांना खेळ शिकवू लागले. जोडीला गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास चालू होता. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेल्या बहिष्काराची बातमी त्यांनी इथेच, डिसेंबर १९५५ मध्ये, 'नागपूर टाइम्स'मध्ये वाचली. १९५६ मध्ये ते परतले. पुढच्याच वर्षी ओबरलिन कॉलेजात किंग भेटले आणि म्हणाले, थांबू नका, दक्षिणेत या.

मी शाळेत खो-खो शिकवते, म्हणून त्यांच्या कामातला कोच मला चटकन दिसतो. नवी पोरगी पाटीवर बसली की खो मिळायच्या आधीच उठते. फाऊल होतो. नियम तिला तोंडपाठ असतो, पण अंग ऐकत नाही. ते समजावून होत नाही, रोज बसवून घ्यावं लागतं.

लॉसननी दक्षिणेतल्या नॅशव्हिल शहरात हेच केलं. तिथल्या दुकानांत जेवणाच्या काउंटरवर फक्त गोऱ्यांनाच बसू देत. एका चर्चच्या तळघरात संध्याकाळी विद्यार्थी जमायचे. खुर्च्या ओळीने मांडून दुकानातला जेवणाचा काउंटर उभा करायचा. काही जण ग्राहक होऊन बसायचे, बाकीचे गुंड व्हायचे. शिव्या द्यायच्या, सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. पडल्यावर डोकं कसं झाकायचं, सोबत्यावर लाथा पडत असतील तर आपलं अंग मध्ये कसं घालायचं, मारणाऱ्याच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, सगळं घोटून घ्यायचे. पुढे चळवळीत नाव काढलेले डायन नॅश आणि जॉन लुईस याच वर्गातले.

१३ फेब्रुवारी १९६० ला शंभराहून जास्त पोरं खऱ्या काउंटरवर जाऊन बसली. पंधरा दिवसांनी गोऱ्या गुंडांनी त्यांना खाली ओढून बदडलं, आणि पोलिसांनी पकडलं ते मार खाणाऱ्या ८१ जणांना.

त्या दिवसांतला एक प्रसंग मी मुलींना नेहमी सांगते. एका विद्यार्थ्याला मारहाण चालली होती, लॉसन पुढे झाले. लेदर जॅकेट घातलेला एक गोरा तरुण त्यांच्यावर थुंकला. लॉसननी शांतपणे त्याच्याकडेच रुमाल मागितला. त्याने गोंधळून दिला. यांनी तोंड पुसलं, रुमाल परत केला आणि विचारलं, तुझ्याकडे मोटरसायकल आहे का? मग दोघं गाडीबद्दल बोलत राहिले. तेवढ्यात मार खाणारा पोरगा उठून निसटला. इतकं भान त्या क्षणी आपोआप येत नाही, आधी शंभरदा केलेलं असावं लागतं.

३ मार्चला व्हँडरबिल्ट विद्यापीठाने, जिथे ते स्वतः शिकत होते, त्यांना काढून टाकलं. १९ एप्रिलला चळवळीचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्द न बोलता महापौरांकडे चालत गेले. केवळ रंगावरून भेदभाव करणं चूक आहे का, असं डायन नॅशने तोंडावर विचारलं, आणि महापौर बेन वेस्ट यांना 'हो' म्हणावं लागलं. १० मे ला शहरातल्या सहा दुकानांनी आपले काउंटर सगळ्यांना खुले केले.

१९६८ मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपासाठी किंगना बोलावणारेही लॉसनच. तिथेच ४ एप्रिलला किंगांचा खून झाला. त्या धक्क्यानंतरही लॉसननी आपला मार्ग सोडला नाही.

२००६ मध्ये त्याच व्हँडरबिल्टने त्यांना सन्मानाने शिकवायला बोलावलं. लॉस एंजेलिसला तर नव्वदी गाठल्यावरही ते विद्यापीठात अहिंसेचा वर्ग घेत होते. ९ जून २०२४ रोजी, वयाच्या ९५व्या वर्षी ते गेले.

तुम्ही डोकं फिरतं म्हणता ना, गुंडाचं काम आधी घरच्याच कुणाला तरी द्या. पहिल्या दिवशी तुम्ही उठालच. माझ्या मुलीही उठतात.