ट्यूट्यूचा काळ ओळखायचा असेल तर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ट्यूट्यूंची, म्हणजे बॅले नर्तकींच्या घेरदार पोशाखांची, यादी करताना तू जुन्या फोटोंपासून सुरुवात करते आहेस, हे उत्तम. फक्त नुसत्या नर्तकीच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, आधी घेर, म्हणजे स्कर्ट बघ. आज आपण ज्याला ट्यूट्यू म्हणतो तो कमरेपाशी ताटासारखा आडवा, सपाट असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र तो खाली उतरलेला, घंटेच्या आकाराचा असायचा आणि बराचसा गुडघ्यांपर्यंत यायचा. थरावर थर, तेही खळ दिलेल्या पातळ सुती टार्लटनचे.

रशियन बॅले नर्तकी आना पावलोवाचा 'मरणारा हंस' नीट बघ. नृत्यरचनाकार मिखाइल फोकिननं तिच्यासाठी बसवलेलं हे छोटंसं एकल नृत्य. घेराच्या दोन्ही बाजूंना मिटलेल्या पंखांसारखी पिसं आहेत, डोक्यालाही पिसं आहेत. ती वाकते तेव्हा कपडाच पक्षी होतो. माझ्या मते त्या काळातला एकच पोशाख अभ्यासायचा तर हाच.

मग डियागिलेवच्या मंडळीकडे, म्हणजे त्याच्या 'बॅले रूस' या रशियन बॅले संस्थेकडे वळ. 1909 मध्ये पॅरिसला 'ले सिल्फीद' या बॅलेमध्ये त्यांनी लांब, पांढरा, एकोणिसाव्या शतकातला घेर परत आणला. पुढच्याच वर्षी 'फायरबर्ड'मध्ये वेशभूषाकार बाक्स्तनं मुख्य नर्तकी कार्साविनाला चक्क पायजमा घातला! म्हणून 'तेव्हा सगळ्याजणी ट्यूट्यूच घालायच्या' असं कधीही लिहू नकोस. ताठ, आखूड घेराचं चलन हळूहळू वाढलं. वेशभूषाकार करिन्स्काचा मऊ, तारेच्या कड्याशिवायचा ट्यूट्यू तर 1950च्या सुमाराचा, त्यामुळे तो या यादीत मिसळू देऊ नकोस.