आफ्रिकेतल्या गावाला बोअर देताय? आधी पाचव्या वर्षाचं विचारा

मिलिंद, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुणे, दुबई, न्यू जर्सी अशा विखुरलेल्या मंडळींनी वर्गणी काढली आहे. युगांडातल्या एका गावात बोअर मारून हातपंप बसवून देणारी संस्था सापडली आहे, ओट्यावर बॅचच्या नावाची पाटी लागणार आहे, आणि माहितीपत्रकात ‘एक बोअर, हजार लोकांना आयुष्यभर शुद्ध पाणी’ असं छापलं आहे. पैसे द्यावेत का, आणि जमलं तर उद्घाटनाला जाऊन यावं का?

पैसे जरूर द्या. नव्या बोअरला मात्र नको, निदान या माहितीपत्रकाच्या भरवशावर तरी नको. मी बोअरच्या धंद्यातला माणूस. मराठवाड्यात सुरुवात केली आणि पुढे बरीच वर्षं उत्तर युगांडा आणि केनियात याच कामात काढली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी ते हजार लोक बघू. तिथे बसवतात तो पंप म्हणजे बहुतेक वेळा आपला इंडिया मार्क टू. युगांडात त्याला यू-टू म्हणतात. चांगल्या स्थितीतला पंप, न थांबता हापसत राहिलं तर, मिनिटाला बारा-पंधरा लिटर पाणी देतो. माणशी रोजचे वीस लिटर धरले तर हजार लोकांना वीस हजार लिटर लागतात. पंधराने भागा: बावीस तासांच्या वर. म्हणजे रात्री दोन वाजतासुद्धा बाईने दांडा मारत राहायचं. युगांडाचा सरकारी हिशेब एका पंपाला तीनशे माणसांचा आहे आणि तो वाजवी आहे. जी संस्था हजार लिहिते तिने एक तर हा भागाकार केला नाही, किंवा तुम्ही करणार नाही असं धरलं आहे.

आता ‘आयुष्यभर’. रूरल वॉटर सप्लाय नेटवर्कने (ग्रामीण पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय जाळं) २००९ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या वीस देशांतली आकडेवारी एकत्र केली, तेव्हा सरासरी ३६ टक्के हातपंप बंद निघाले. नंतरच्या पाहण्यांत हे प्रमाण चारातला एक इथपर्यंत खाली आलं. यातले बरेचसे पंप कुणाच्या तरी देणगीतून बसलेले, फीत कापलेले, फोटो काढलेले. काही भागांत एकाच गावात दोन-तीन बंद पंप आणि प्रत्येकावर वेगळ्या देशाच्या देणगीदाराचं नाव असं दृश्य असतं. पहिला दुरुस्त करायला कुणी पैसे देत नाही, शेजारी नवा मारायला मात्र मिळतात.

पंप वाईट आहे म्हणून हे होतं असं समजू नका. तो आपल्याच मातीतला आहे. १९६० च्या दशकात आपल्याकडे बोअरवर ओतीव लोखंडाचे पंप बसवायचे, परदेशात एका कुटुंबाच्या वापरासाठी केलेले. अख्खं गाव त्यावर तुटून पडलं की सांधे ढिले व्हायचे नाहीतर दांडा मोडायचा. १९७० च्या दशकाच्या मध्यात पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या पंपांतले तीन चतुर्थांश बंद होते. यावरचा तोडगा आधी जालन्याच्या मिशनच्या बोअर प्रकल्पात आणि मग सोलापुरात निघाला: पोलादी डोकं, दांड्याला एकच सांधा, त्यात बंद बेअरिंग आणि रॉड उचलायला साखळी. हा सोलापूर पंप पाया म्हणून घेऊन युनिसेफ आणि भारत सरकारने इंडिया मार्क टू घडवला, मद्रासला रिचर्डसन अँड क्रुडासच्या कारखान्यात तो तयार होऊ लागला आणि तिथून अर्ध्या आफ्रिकेत गेला. (लिरा जिल्ह्यात पहिल्यांदा तो निळा दांडा बघितला तेव्हा मला जालना रोडची आठवण झाली होती. तिथल्या यांत्रिकाला हे सांगितल्यावर त्याने फक्त ‘मग सुटे भाग स्वस्तात मिळतील का?’ एवढंच विचारलं. रास्त प्रश्न.)

आपल्याकडे तो टिकला कारण त्याच्यामागे माणसं उभी होती. गावात एक राखणदार, तालुक्याला यांत्रिक, आणि जिल्ह्याला तिकाटणं, साखळी, पाने घेऊन फिरणारी गाडी. पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाला लोकांनी कमी शिव्या घातलेल्या नाहीत, पण उशिरा का होईना ते यायचं. मार्क टूचं सिलिंडर चाळीस मीटर खाली असतं. वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागतात आणि ते गावातल्या चार जणांचं काम नाही. आफ्रिकेत पंप गेला, पथक गेलं नाही. बस दिली, डेपो दिला नाही, असा तो व्यवहार झाला.

डेपोच्या जागी आली पाणी समिती. गाव ‘मालक’ आहे, गाव महिन्याला घरटी हजार-दोन हजार शिलिंग गोळा करेल, त्यातून दुरुस्ती होईल, ही १९८० च्या दशकापासूनची लाडकी कल्पना. गावानेच सांभाळता यावा असा सोपा पंप करण्याचे प्रयत्नही झाले आणि त्यातून मलावी-केनियात अॅफ्रिडेव्ह घडला. तो खरोखर सोपा आहे. पिस्टन वरूनच काढता येतो, फार अवजारं लागत नाहीत. तरी गणित बसत नाही, कारण अडचण पान्याची नसते. पंप चालू असताना कुणी वर्गणी देत नाही. बंद पडल्यावर मागायला गेलं की मागचे पैसे कुठे गेले ते खजिनदाराला सांगता येत नाही. सुटा भाग जिल्ह्याच्या गावी मिळेलच असं नाही. तोवर बायका पिवळे जेरीकॅन घेऊन पुन्हा दलदलीच्या कडेच्या झऱ्यावर जायला लागलेल्या असतात. यात गावाला आळशी ठरवणं मला पटत नाही. पुण्यातल्या कुठल्या सोसायटीने आपला पाणीपुरवठा महापालिकेशिवाय, स्वतः पाइप उपसून चालवला आहे?

आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात कधीच नसते: पाइप. युगांडात बऱ्याच ठिकाणी भूजल आम्लधर्मी आहे, पीएच साडेसहाच्या खाली. त्यात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप घातले की जस्ताचा थर काही महिन्यांत जातो आणि लोखंड गंजायला लागतं. सकाळी पहिलं पाणी तांबडं येतं, त्याला लोखंडाचा वास येतो, चहा काळा पडतो, कपड्यांवर डाग पडतात. बाया ते पाणी टाकून देतात आणि गढूळ पण ‘चवीला बरं’ झऱ्याचं पाणी भरतात. कागदावर बोअर चालू, प्रत्यक्षात कुणी पीत नाही. पुढे पाइपला भोकं पडतात, आट्यांशी तुटतात, आणि एक दिवस खालचा सगळा ऐवज बोअरच्या तळाशी. २०१६ मध्ये युगांडाच्या पाणी मंत्रालयाने हातपंपांसाठी जीआय उभे पाइप वापरणं थांबवायला सांगितलं. तरीही स्वस्त पडतात म्हणून ते घालणारे लोक आहेत. स्टेनलेस स्टीलचा खर्च जास्त येतो आणि एकाच रकमेत ‘दोन बोअर’ दाखवायचे असतील तर काटछाट इथेच होते. मी ज्यांच्याकडे काम करत होतो तिथेही हा वाद दर वर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी व्हायचा आणि दर वर्षी आकड्यांची बाजू जिंकायची.

ठेक्याची पद्धतही विचारून घ्या. ‘पाणी लागलं तर पैसे, कोरडी गेली तर नाही’ हा करार देणगीदाराला फार आवडतो. यात रिगवाला (बोअर मारणारा ठेकेदार) काय करतो? धोका टाळतो. पावसाळा संपता संपता येतो, वरच्या थरात थोडं पाणी लागलं की थांबतो, यशस्वी बोअर म्हणून बिल लावतो. मार्चमध्ये ती आटते.

खेळण्याच्या पंपाची गोष्ट इथल्या जुन्या लोकांना माहीत असेल. दक्षिण आफ्रिकेतला प्लेपंप: मुलं चक्रावर खेळतात, पाणी वर चढतं. २००० मध्ये जागतिक बँकेचं बक्षीस, २००६ मध्ये अमेरिकेत तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांच्या उपस्थितीत १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा, चार हजार पंपांचं उद्दिष्ट. एका पंपाची किंमत सुमारे चौदा हजार डॉलर, म्हणजे साध्या हातपंपाच्या कित्येक पट. ‘गार्डियन’ने हिशेब मांडला की ठरवलेल्या लोकांना पाणी द्यायचं तर मुलांना दिवसाला सत्तावीस तास खेळावं लागेल. मुलं शाळेत गेली की म्हाताऱ्या बायका ते चक्र हाताने ढकलत. कल्पना गोंडस असली की हिशेब करायचं कुणाला सुचत नाही, एवढंच.

मग पैसे कुठे द्यायचे? माझी पहिली पसंती दुरुस्तीला. केनियात किटुई आणि क्वाले भागात फंडीफिक्स नावाचं काम चालतं (फुंडी म्हणजे स्वाहिलीत कारागीर, मिस्त्री). ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगातून ते उभं राहिलं. पंपाच्या दांड्यात छोटा ट्रान्समीटर बसवला, दांडा किती हलतो ते मोबाइलच्या जाळ्यावरून कळायला लागलं, बंद पडला की मिस्त्री मोटरसायकलवर निघतो. आधी दुरुस्तीला सरासरी सत्तावीस दिवस लागत, ते तीनच्या आत आले. गाव ठरलेली फी भरतं, पण वक्तशीर सेवेसाठी. फीमधून सगळा खर्च निघत नाही, तूट एका विश्वस्त निधीतून भरतात आणि देणगी नेमकी तिथे लागते. युगांडात व्हेव्ह नावाची संस्था याच धर्तीवर देखभालीचे करार करते. शंभर पंप एका मिस्त्री-जाळ्याखाली आणले की एखादं गाव चुकलं तरी बाकीच्यांवर धंदा चालतो. एकेकट्या समितीला हे कधीच जमत नाही.

दुसरी पसंती क्लोरिन. पंपातून स्वच्छ निघालेलं पाणी घरी पोचेपर्यंत स्वच्छ राहतंच असं नाही. पश्चिम केनियात मायकेल क्रेमर (२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले) आणि सहकाऱ्यांनी झरे बांधून काढून अभ्यास केला. झऱ्यावरची विष्ठेची दूषितता ६६ टक्क्यांनी कमी झाली, घरातल्या हंड्यात मात्र फरक बराच कमी पडला, कारण हात, भांडी, उघडी झाकणं. तरी मुलांचा जुलाब एक चतुर्थांशाने घटला. त्यातून पुढे पाणवठ्याशेजारी क्लोरिनची टाकी उभी करायची कल्पना आली: जेरीकॅन खाली धरा, तोटी फिरवा, मापात औषध पडतं, मग पाणी भरा. दोन-तीन दिवस पाणी सुरक्षित राहतं. बाटली विकत घ्यायला सांगितली तर फार थोडे घेतात. पाणवठ्यावर फुकट ठेवलं तर पुष्कळ जण वापरतात. एव्हिडन्स अॅक्शन ही संस्था केनिया, युगांडा आणि मलावीत हे चालवत आली आहे. इथे फीत कापायला काही नसतं, आणि दर महिन्याला टाकी भरणारा माणूस लागतो.

वयस्कर सदस्यांना नारू आठवत असेल. पायातून बाहेर येणारा हातभर लांब जंत, काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. १९८६ मध्ये आफ्रिका-आशियात वर्षाला पस्तीस लाख लोकांना तो होत होता, आता माणसांतले रुग्ण वर्षाला पंधराच्या आसपास आहेत, तेही चाडसारख्या मोजक्या देशांत. भारत २००० मध्ये मुक्त जाहीर झाला. याला लस नाही, औषध नाही. जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने तो मुख्यतः कापडाच्या गाळण्यांनी आणि गावोगाव फिरणाऱ्या स्वयंसेवकांनी आटोक्यात आणला. विहिरीही झाल्या, पण फडकं आणि पाठपुरावा नसता तर त्या पुरल्या नसत्या.

तुमच्या गटातल्या कुणीतरी केनियातल्या नाकुरूचा पर्यायही सुचवला आहे, म्हणून एक इशारा. इथिओपियापासून टांझानियापर्यंतच्या खचदरीत भूजलात फ्लोराइड भरपूर आहे. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरसारखंच, तपकिरी दात आणि वाकडी हाडं. तिथे बोअर मारणं म्हणजे दिसायला स्वच्छ पाण्यातून दुखणं देणं होऊ शकतं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली नलगोंडा पद्धत (तुरटी आणि चुना घालून ढवळायचं, निवळू द्यायचं) टांझानिया-इथिओपियात वापरून पाहिली गेली. रोज मापात औषध घालणारा आणि गाळ काढणारा माणूस टिकला तिथे ती टिकली. नाकुरूच्या कॅथलिक धर्मप्रांताने जनावरांची हाडं भट्टीत भाजून त्यांच्या कोळशाचे गाळणे केले, ते काम मला जास्त व्यवहार्य वाटलं. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर बोअर नको म्हणा.

तुमच्या संस्थेला सरळ ईमेल करा. पाच वर्षांपूर्वी बसवलेल्या पंपांची यादी मागा आणि त्यातले आज किती चालू आहेत ते विचारा. पाइप कशाचे, बोअर कोणत्या महिन्यात मारणार, कोरडी गेली तर रिगवाल्याला काय देता, जिल्हा पाणी कार्यालयाला कळवलंय का, आणि बंद पडल्यावर गावाने कुणाला फोन करायचा, त्या माणसाचा पगार कोण देतं. चांगली संस्था असेल तर उत्तरं लांबलचक आणि थोडी ओशाळलेली येतील. तीस टक्के बंद आहेत असं कबूल करणाऱ्यावर मी शंभर टक्केवाल्यापेक्षा जास्त विश्वास ठेवीन. फक्त हसऱ्या मुलांचे फोटो आले तर समजून घ्या.

उद्घाटनाचं म्हणाल तर नका जाऊ. आठ-दहा जणांच्या विमानभाड्यात एका मिस्त्रीचा बराच काळ पगार निघतो, शिवाय पाहुणे येणार म्हटल्यावर गावाचा एक दिवस स्वयंपाकात आणि नाचगाण्यात जातो. युगांडा बघायचाच असेल तर स्वतःच्या खर्चाने नाईलचा उगम बघायला जा, सुंदर आहे. पुण्यातल्यांनी हेही लक्षात घ्या की परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरातली ८०जीची सवलत नाही. न्यू जर्सीवाल्यांनी तिकडच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत दिले तर त्यांना त्यांची सवलत मिळेल, म्हणून रक्कम एका खात्यात जमवण्याआधी सीएशी बोला.

संस्थेचं उत्तर आलं की इथेच टाका. पाणी तपासणीचा अहवाल पाठवला तर मी वाचून सांगतो. तुम्ही आधी पीएच, लोह आणि फ्लोराइड हे तीन रकाने भरलेले आहेत का तेवढं बघून ठेवा.