वाचकांचे प्रश्न : वाडीतल्या सावलीत चेहरा काळवंडतो

प्रश्न : गिरगावात खोताच्या वाडीत मैत्रिणीचे फोटो काढले. कॅमेरा पेंटॅक्स के-१०००, ५० मिमी लेन्स, रंगीत फिल्म कोडॅक गोल्ड २००. उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई मधोमध होती, तरी चेहरे काळपट, निळसर आणि दाणेदार आले. लॅबने रोल बिघडवला का?

उत्तर : निगेटिव्ह खिडकीशी धरा. कडेची अक्षरं आणि फ्रेमचे आकडे ठसठशीत असतील तर डेव्हलपिंग बहुधा ठीक आहे, लॅबशी भांडू नका. चेहऱ्याची जागा जवळजवळ कोरी दिसत असेल तर उजेड कमी पडला.

के-१००० चं मीटर चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतं. पूर्ण आकृती घेताना छपरांवर आभाळाची पट्टी आली की सुई तिला भुलते आणि चेहऱ्याला एखाद-दोन स्टॉप कमी पडतात (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक जास्त म्हणजे दुप्पट). स्कॅन करताना तो ओढूनताणून उजळवावा लागतो, म्हणून दाणे.

आयएसओची (फिल्मच्या वेगाची) तबकडी २०० ऐवजी १०० वर ठेवा, म्हणजे मीटर एक स्टॉप जास्त उजेड देईल. रंगीत निगेटिव्ह एक स्टॉप जास्त सहज सोसते. लॅबला मात्र नेहमीसारखंच धुवायला सांगा. चेहऱ्याने चौकट भरेपर्यंत जवळ जा, स्वतःची सावली पडू न देता सुई मध्ये आणा, मग मागे या. सुई आता हलेल. हलू द्या, शटर आणि छिद्राचे आकडे बदलू नका.

अंदाज म्हणून : वर मोकळं आभाळ असलेल्या सावलीत १/१२५ सेकंद शटरला एफ ५.६ छिद्र, चिंचोळ्या बोळात एफ २.८. दीड मीटरवरून एफ २.८ ला जेमतेम १५ सेंमी स्पष्ट येतं, तेव्हा फोकस जवळच्या डोळ्यावर.

निळसरपणा आभाळाचा. ८१ए हा किंचित पिवळसर, रंग उबदार करणारा फिल्टर लावा. मीटर लेन्समधूनच बघतं, वेगळा हिशेब नको. त्याहून बरं म्हणजे मैत्रिणीच्या समोर उन्हातली पांढरी भिंत शोधणं. हिरव्या-पिवळ्या भिंतीजवळ तोच रंग गालावर उतरतो, आणि वाडीत अशा भिंती पुष्कळ. मैत्रिणीला व्हरांड्यात आत नको, ओट्याच्या कडेला बसवा. ओटा कुणाच्या तरी घरचा असतो, आधी विचारा.

प्रश्न : पावसाळ्यात रोल फ्रीजमध्ये ठेवू का?

उत्तर : ठेवा, पण न उघडलेल्या डबीतच. बाहेर काढल्यावर तास-दीड तास डबी उघडू नका. मुंबईच्या दमट हवेत गार फिल्मवर लगेच दव धरतं आणि डाग पडतात. रोल भरलेला कॅमेरा फ्रीजमध्ये कधीच नको.