मला चांगलं गाता येतं. संगीतशिक्षक होऊन वृंदगान बसवायचं असेल तर आणखी काय शिकावं लागेल?

जमेल, पण गाणं आणि गाऊन घेणं यांत बराच फरक आहे. गाताना कान आपल्याच आवाजाकडे असतो. वृंदापुढे उभं राहिलात की तीस आवाजांत कणसूर कुठून येतोय आणि का, हे गाणं चालू असतानाच ओळखावं लागतं. म्हणून तालमीत त्यांच्याबरोबर गाऊ नका. ओळ एकदा गाऊन दाखवा, मग गप्प राहून ऐका. शिवाय गळाही टिकतो. शिक्षकांमध्ये आवाज बसण्याच्या तक्रारी इतर अनेक पेशांपेक्षा जास्त आढळतात.

दुसरी गोष्ट हाताची. दोन, तीन आणि चार मात्रांच्या हातवाऱ्यांचे नमुने आठवडाभरात हातात बसतात. अवघड असतो तो गाणं सुरू होण्याआधीचा इशारा. चार मात्रांचं गाणं पहिल्या मात्रेवर उठत असेल, तर आधीची चौथी मात्रा हाताने दाखवायची आणि त्याच लयीत स्वतः तोंडाने श्वास घ्यायचा. वृंद तुमचा श्वास बघून श्वास घेतो. तो घाईचा असेल तर सगळे अर्धवट श्वासावर, मागेपुढे उठतात. तुमचे खांदे वर गेले तर त्यांचेही जातात. आरशासमोर रोज दहा मिनिटं फक्त हा इशाराच करा, वेगवेगळ्या लयीत.

सूर उतरण्याला एकच औषध नाही. वर जाताना स्वर अपुरे चढतात, खाली येताना जास्त घसरतात, आणि एकच स्वर पाच-सहा वेळा आला की दर वेळी किंचित बसतो. बंद, कोंदट खोली आणि दमलेला श्वास हेही कारण असतं. उतरत्या ओळी सावकाश, ‘नु’ वर गाऊन घ्या. तरी उतरत असेल तर पट्टीच एक घर वर न्या, म्हणजे पेटीवर पांढरी चारऐवजी तिच्या लगतची काळी तीन. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. मात्र गंधार (ग) पियानोपेक्षा किंचित खाली लागला म्हणून लगेच रागावू नका. पियानोचा शुद्ध गंधार नैसर्गिक, म्हणजे षड्जाशी पूर्ण जुळणाऱ्या, गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). वाद्याशिवाय गाणारा चांगला वृंद आपोआप नैसर्गिक गंधाराकडे झुकतो.

मुलांना शिकवताना सर्वांत जास्त चुकते ती पट्टी. शिक्षक स्वतःच्या सोयीची पट्टी धरतात, ती मुलांना खाली पडते आणि मग ती छातीतून ओरडून गातात. मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंतचा टप्पा बहुतेक मुलांना सोयीचा असतो. साधारण १२ ते १५ या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. तेव्हा त्यांना बाहेर बसवू नका, ते परत येत नाहीत. त्यांच्यासाठी चार-पाच स्वरांतच फिरणारी वेगळी ओळ लिहा आणि दर महिन्याला आवाज पुन्हा तपासा.

उभं करताना पक्के गाणारे मागच्या रांगेत ठेवा. कच्च्यांना मागून सूर ऐकू येतो. पक्के पुढे उभे केले तर तो त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही.

तासाभराच्या तालमीत आठ-दहा मिनिटं आवाज तयार करायला पुरेत. नवं आणि अवघड त्यानंतर लगेच, डोकं ताजं असताना. येणारं गाणं शेवटी. पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा गाऊन घेण्याने चुकाच पाठ होतात. अडलेल्या दोन ओळी काढा, ठेक्यात फक्त बोलून घ्या, मग गाऊन घ्या, मग मागच्या-पुढच्या ओळीला जोडा.

घरी करण्यासारखा रियाज म्हणजे चार आवाजांच्या (एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गायच्या) रचनेतले तीन पियानोवर वाजवून चौथा गाणं. सुरुवातीला दोनच आवाज घ्या, एक वाजवा, एक गा. हे येत नसेल तर तालमीत चूक नेमकी कुठल्या आवाजात आहे ते सापडत नाही, नुसतं ‘काहीतरी बिघडलं’ एवढंच कळतं.

नोकरीचं म्हणाल तर पुष्कळ जण दिवसा शाळेत शिकवतात आणि संध्याकाळी एखादा वृंद सांभाळतात. शाळेच्या नोकरीला संगीताबरोबर अध्यापनाची पात्रता लागते का, ते आधी बघून घ्या. सुरुवात मात्र आजही करता येईल. एखाद्या वृंदाच्या दिग्दर्शकाला भेटा आणि एकाच आवाजगटाची तालीम घेऊ द्या म्हणून विचारा. ती फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी ऐकताना बघा, किती वेळ ते गात होते आणि किती वेळ तुम्ही बोलत होतात.