महिन्याची कॉन्टॅक्ट लेन्स स्वच्छ दिसत असेल तर दीड-दोन महिने वापरली तर काय बिघडतं?

दिसायला स्वच्छ असते हो, पण अश्रूंमधले प्रोटीन आणि फॅट रोज तिच्यावर थोडंथोडं चिकटत जातं, सोल्युशनने चोळून धुतलं तरी सगळं निघत नाही, आणि त्या थरावर जंतू मस्त घर करतात. मग डोळे लाल, खाजणं, पापणीच्या आत पुळ्या, आणि नशीब खराब असेल तर बुबुळावर जखम, ती दृष्टीवर जाऊ शकते. महिना म्हणजे पाकीट फोडल्यापासून 30 दिवस बरं का, 30 वेळा घातली असा हिशोब नाही (मीही आधी तोच लावायचो). डेली वाली तर रात्री काढली की सरळ कचऱ्यात. आणि डबी पण दर 3 महिन्यांनी बदला, ती सगळेच विसरतात.