स्पोर्ट्‌स कारचे ऑइल घरी बदलण्यापूर्वी

हे काम तुम्ही स्वतः शिकू पाहता, याचा मनापासून आनंद झाला. आरंभ इंजिन ऑइल आणि फिल्टरपासून करा. गिअरबॉक्स नंतर पाहू.

केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. पावसाळ्यात अंगणातील माती दबते, म्हणून काँक्रीटच्या सपाट जागेवर, जॅक स्टँड लावूनच काम करा.

नेहमीच्या चुका दोन:

- ड्रेन प्लग (जुने ऑइल काढण्यासाठी तळाशी असलेला बोल्ट) अंदाजाने आवळणे. ॲल्युमिनियमच्या संपचे, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचे, आटे सहज जातात. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळू देणारा पाना, वापरा.
- जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली आहे का, हे न तपासणे.

ब्रेक फ्लुइडबाबत मी विशेष आग्रही आहे. डॉट 4 या प्रतीचे ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा किमान उत्कलनबिंदू, जो कोरडे असताना 230 अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर 155 अंशांपर्यंत उतरू शकतो. चोर्ला घाट उतरताना ते उकळले तर पेडल थेट खाली जाते. गोव्याच्या दमट हवेत उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, आणि ब्रेक फ्लुइड बदलण्याचे काम पहिल्यांदा जाणकाराच्या देखरेखीखालीच करा.

जुने ऑइल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते डब्यात भरून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या.