बहिणीची सही आणि चॅपेलचं छप्पर

*ताई, मी वसईचा, वय ५४. आईबाबा मृत्युपत्र न करता गेले, आधी बाबा, मग आई. मागे राहिली अठरा गुंठ्यांची वाडी. चार वर्षांपूर्वी मोठा भाऊ आणि मी धाकट्या बहिणीला घेऊन दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेलो. 'सातबाऱ्यावर नावं चढवायची आहेत, तुझी सही लागते,' असं तिला सांगितलं. कागद हक्कसोडपत्राचा होता. तिने न वाचता सही केली. आता बिल्डर आलाय, विसाराची बोलणी चालली आहेत. भाऊ म्हणतो, लग्नात तिला सोनं दिलं तोच तिचा वाटा. शिवाय वाटणीच्या भांडणात पडायला खुद्द येशूने नकार दिला होता. बायको म्हणते, ती सुखात नांदतेय, जुनं कशाला उकरता? मला मात्र झोप लागत नाही. ईस्टरआधी कन्फेशन करावं आणि माझ्या पैशातला दहावा हिस्सा आईबाबांच्या नावाने चॅपेलच्या छपराला द्यावा, असं ठरवलंय. एवढं पुरेल ना?*

नाही पुरणार. आणि हे तुम्हालाही ठाऊक आहे, नाहीतर झोप लागली असती.

आधी कायद्याचं बोलू, कारण तुमच्या भावाने तिथेच घोळ घातलाय. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेलं सगळ्या मुलांना सारखं. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. आई गेल्यावर तिचा भागही तुम्हा तिघांत सारखाच. म्हणजे अठरातले सहा गुंठे तुमच्या बहिणीचे. लग्नातल्या सोन्याचं म्हणाल, तर त्याच कायद्याचं ४९वं कलम सांगतं की आईवडिलांनी हयातीत मुलाला पुढच्या आयुष्यासाठी जे दिलं, ते वाटणीच्या वेळी हिशेबात धरायचं नाही. (धरायचंच झालं तर तुम्हा दोघा भावांच्या शिक्षणाचा खर्चही मांडू या. तो कोणी कधी मांडत नाही.) त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना १९१६च्या तिथल्या कायद्याने मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळायचं. ते बदलायला मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, निकाल लागला १९८६ साली. आपल्याकडच्या मुलींवर ती वेळ आली नाही. कायदा त्यांच्याच बाजूने होता. सह्या मात्र आपण घेत राहिलो.

आता भावाने काढलेलं शास्त्र. तो प्रसंग लूकच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायात आहे. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांग. येशू विचारतो, मला तुमचा न्यायाधीश कोणी नेमलं? तुमचा भाऊ इथे पुस्तक मिटतो. पुढच्याच वाक्यात लोभापासून जपा असं सांगितलंय, आणि लगेच त्या श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट येते. पीक उदंड आलं म्हणून तो कोठारं पाडून मोठी बांधायला निघतो आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. पंच व्हायला येशूने नकार दिला हे खरं. बहिणीचा वाटा गिळायला परवानगी दिली, असं मला तरी त्यात कुठे सापडलं नाही.

मला जास्त काळजी तुमच्या छपराची वाटते. भाऊ निदान उघड लोभी आहे. तुम्ही देवाला मध्ये घेताय. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परुशांवर, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांवर, चिडतो तो नेमका अशाच युक्तीवर. आईबापाला जे द्यायचं ते देवाला अर्पण केलंय असं जाहीर करायचं आणि मोकळं व्हायचं. तुम्ही बहिणीच्या पैशातून आईबाबांच्या नावाची पाटी लावायला निघालात. त्या आईबाबांना विचारता आलं असतं, तर त्यांनी आधी लेकीकडे पाठवलं असतं तुम्हाला.

येशूला भेटलेल्या जक्कया जकातदाराची गोष्ट लहानपणापासून ऐकलीय आपण, पण झाडावर चढलेला बुटका माणूस तेवढा लक्षात राहतो. त्याचं बोलणं नीट वाचा. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत. हे दोन वेगळे हिशेब आहेत. दानधर्म केला म्हणून फसवलेल्यांचं देणं फिटलं, असं तो म्हणत नाही.

कन्फेशनला जरूर जा, ईस्टरची वाटही पाहू नका. पण तिथून काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते कळून जा. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद १४५९) स्पष्ट लिहिलंय की पापाची क्षमा होते, पण पापाने झालेलं नुकसान त्याने भरून निघत नाही. शक्य ते भरून द्यावंच लागतं. आणि तिथे पहिलंच उदाहरण चोरलेली वस्तू परत करण्याचं आहे. फादरांच्या कानावर घातलं की ते बहिणीला सांगतील, अशी आशा मनात असेल तर काढून टाका. कन्फेशनमधलं ते कोणालाही सांगू शकत नाहीत. सांगायचं तुम्हालाच आहे.

आधी भावाला कळवा, परवानगी मागायला नव्हे. 'रविवारी मी तिला सांगणार आहे, तू येतोस का?' एवढंच. बायकोलाही तेच. तिची भीती खरी आहे, घरात वादळ येईल. पण ते कागद कधीतरी उघडे पडणारच आहेत. फसवून घेतलेली सही १८७२च्या करार कायद्यानुसार रद्द होऊ शकते, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं तिला दावा लावता येतो.

मग तिच्या घरी जा, हक्कसोडपत्राची प्रत घेऊन. तो कागद काय होता, तुम्हाला तेव्हा ते माहीत होतं, आणि बिल्डर गुंठ्याला काय भाव देतोय, हे तिन्ही सांगा. भाव लपवलात तर जाऊन उपयोग नाही. 'तुला काहीतरी द्यायचं मनात आहे' ही भाषा नको. तिचंच तिला परत करताय. आणि त्याच दमात माफी मागून तिचे हात धरू नका. ती पटकन 'जाऊ दे रे दादा' म्हणेल. माहेर तुटू नये म्हणून आपल्या बायका हे वाक्य वर्षानुवर्षं म्हणत आल्या आहेत, आणि भाऊ ते झेलायला टपलेले असतात. तुम्ही झेलू नका. तिला नवऱ्याशी बोलू दे, तिचा स्वतःचा वकील करू दे, महिनाभर रागवू दे. सगळं कळल्यावर, भाव ऐकल्यावरही तिने सोडलं, तर तो तिचा निर्णय. चार वर्षांपूर्वी तिने काहीच सोडलं नव्हतं.

भाऊ अडून बसला तर? तुमच्या नावावर नऊ गुंठे आहेत, त्यातले तीन तिचे. ते तुम्ही देऊ शकता, त्याला कोणाची संमती लागत नाही. पण तीन दिले म्हणजे तुम्ही सुटलात असं नाही. खोटं दोघांनी मिळून बोललात. उरलेल्या तिनांसाठी तिला कोर्टात जावं लागलं, तर त्या दिवशी कार्यालयात काय घडलं हे सांगायला तुम्हाला उभं राहावं लागेल, भावाविरुद्ध. हे जड आहे, मला कळतं. माझ्या मते यातून सुटका नाही.

तोवर विसार घेऊ नका, कशावर सहीही करू नका. बिल्डरला एवढंच कळवा की तिसरी वारस आहे आणि खरेदीखतावर तिची सही लागेल. थांबला तर थांबला. नाहीतर वसईत जमीन घेणाऱ्यांची टंचाई कधी होती?